उबीन बेटावरची चौथी सायकल

आधीच कबूल करते, या सदरातले अनुभव मी वाचते ते त्यांतल्या चुका काढायला. बंद पडलेली गाडी, लिफ्ट मागणारा म्हातारा, पायांकडे बघितलं तर पाय उलटे... ऑफिसात चहाच्या वेळी मी असले किस्से मोठ्याने वाचून दाखवायचे आणि प्रत्येकाला एकेक लॉजिकल कारण चिकटवून मोकळी व्हायचे. धंदाच माझा तो. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. कुणी म्हणालं 'स्क्रीन आपोआप बंद झाली', की माझा पहिला प्रश्न - पुन्हा करून दाखव. नाही दाखवता आलं, तर तक्रार बंद. भुतंखेतं, नजर, शकुन-अपशकुन या सगळ्या तक्रारी मी शाळेत असतानाच अशा बंद करून टाकल्या होत्या, आणि त्याबद्दल घरात मला 'अतिशहाणी' ही पदवीही मिळाली होती.

तरी आज लिहायला बसले आहे. कुणाला घाबरवायचं नाहीये. एका बाईचे आभार मानायचे राहून गेलेत, आणि तिचा पत्ता मला माहीत नाही, एवढंच.

गोष्ट २०१४ सालची, सिंगापूरची. तोआ पायोहमधल्या एका जुन्या ब्लॉकमध्ये नवव्या मजल्यावर आम्ही तिघी मराठी मुली एक फ्लॅट भाड्याने घेऊन राहत होतो. मी अश्विनी, चिंचवडची. दुसरी गौरी, डोंबिवलीची, केमिकल इंजिनियर. ती जुरोंग आयलंडवरच्या एका प्लँटमध्ये होती, रोज गळ्यात पास अडकवून कंपनीच्या बसने जायची. तिथे म्हणे कुठलंही काम सुरू होताना आणि संपताना माणसं मोजतात, कुणी आत राहिलं नाही ना म्हणून. ती सवय तिला इतकी लागली होती की मॉलमधल्या एस्कलेटरवरून उतरलो तरी ती मागे वळून आम्हाला 'एक, दोन, मी तीन' असं मोजायची.

तिसरी मधुरा. कराडची. युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक होती, जिवाणूंवर काम करायची. शांत, नीटनेटकी आणि जेवणाच्या बाबतीत घड्याळाची गुलाम. आम्ही दोघी दुपारी तीनला मॅगी करणाऱ्या, ही साडेबाराला पानावर बसणारी. फ्रीजच्या दारात तिचा एक निळा डबा असायचा, त्यावर मार्करने लिहिलेलं - 'सॅम्पल. उघडू नये.' त्यात जंतू असणार अशी आमची खात्री होती. मी त्या डब्याशेजारी कोथिंबीरसुद्धा ठेवत नसे, आणि त्यावरून तिला चिडवण्याची एकही संधी सोडत नसे. ती नुसती हसायची.

वेसाक डे, म्हणजे आपली बुद्धपौर्णिमा, तिथे सुट्टीचा दिवस. आम्ही ठरवलं की या वेळी मॉल नाही, सेल नाही, उबीनला जायचं. पुलाऊ उबीन हे सिंगापूरच्या ईशान्येला एक छोटं बेट आहे. उंच इमारती नाहीत, जुनी पत्र्याची घरं, रबराची आणि नारळाची झाडं, जुन्या दगडखाणींची तळी. लोक जातात, सायकली भाड्याने घेतात, दिवसभर हिंडतात आणि परत येतात.

सकाळी निघायच्या गडबडीत गौरीच्या आईचा फोन आला. फोन स्पीकरवर, गौरी थालीपिठं डब्यात भरत होती.

"कोण कोण चाललाय?" काकूंनी विचारलं.

"आम्ही तिघीच."

"तिघी? अगं, तीन तिगाडा काम बिगाडा. चौथं कुणी मिळत नाही का?"

"आई, सुट्टीच्या दिवशी सकाळी सातला चौथं कुठून आणू मी?"

"मग एक खडा घे सोबत. चौथा म्हणून. तेवढं ऐक माझं."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. तिघांनी मिळून बाहेर पडू नये, पडलंच तर एक दगड नाहीतर सुपारी बरोबर घ्यायची, म्हणजे चार झाले. आमच्या घरीही हे चालायचं. मी तिथूनच ओरडले, "काकू, खड्यालाही पासपोर्ट लागतो का हो?"

"हस बाई हस. तुला हसायला काय जातंय," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

गौरी मात्र आईच्या शब्दाबाहेर नाही. आमच्या शेजारच्या चिनी काकूंच्या कुंड्या कॉरिडॉरमध्ये ओळीने मांडलेल्या असायच्या, त्यांत पांढरे गुळगुळीत खडे घातलेले. त्यांतला एक तिने उचलला आणि सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात टाकला. मला तर चिडवायला आयतंच मिळालं. मी खड्याचं नाव शकूताई ठेवलं. लिफ्टमध्ये 'शकूताई, आत सरका', एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, 'शकूताईंना खिडकीजवळ बसू द्या'. तानाह मेराहला उतरून बस पकडेपर्यंत आम्ही सगळ्या हिशेबात चारच झालो होतो. मधुरासुद्धा पोट धरून हसत होती. तिचं ते हसणं मला नीट आठवतं, कारण त्यानंतर दिवसभरात ती हसली नाही.

चांगीच्या धक्क्यावरून उबीनला लाकडी मोटारबोटी जातात. वेळापत्रक वगैरे काही नाही, बारा माणसं जमली की बोट सुटते. आम्ही बाकावर बसून वाट बघत होतो. हळूहळू लोक जमले. एक म्हातारा नावाडी, चेहरा उन्हाने रापलेला, आम्हाला बोटीत उतरवून घेत होता. सगळे बसल्यावर त्याने बोटाने एकेक डोकं मोजलं, मान डोलावली आणि दोर सोडला.

गौरीने आपल्या सवयीने मोजलं. "अकराच आहोत," ती मला हळूच म्हणाली. मीही मोजलं. अकरा. नावाड्याला यात धरलं नव्हतं, त्यानेही स्वतःला धरलं नसणार.

"शकूताई धरून बारा," मी म्हणाले. आम्ही दोघी हसलो आणि तो विषय तिथे संपला. चूक झाली असेल त्याची, म्हातारा माणूस, असंच वाटलं.

आता जे सांगते ते सांगायला आजही जड जातं. मधुरा बोटीच्या पुढच्या टोकाशी फोटो काढायला गेली होती, तिची सॅक माझ्या मांडीवर. लवकर निघायच्या नादात मी काहीच खाल्लं नव्हतं. सॅकच्या बाजूच्या खिशात ग्लुकोजच्या बिस्किटांचा एक पुडा आणि लिमलेटच्या गोळ्यांची एक छोटी पिशवी सापडली. मैत्रिणीची सॅक म्हणजे आपलीच, विचारायचं काय त्यात? पुडा मी संपवला, गोळ्या गौरीने आणि मी वाटून घेतल्या. कागद नीट घडी घालून परत खिशात ठेवले, तिला चकवायला. तेव्हा मला ती फार मोठी गंमत वाटली होती.

उबीनला उतरल्यावर समोरच सायकलींची दुकानं. त्यांतल्या एका दुकानाच्या आंटीने विचारलं, "हाऊ मेनी?"

"फोर," मी म्हणाले. सकाळपासून तोंडात तेच बसलं होतं.

आंटीने चिठ्ठीवर चारचा आकडा लिहिला आणि चार सायकली बाहेर काढल्या. गौरी हसायला लागली, म्हणाली, "सॉरी आंटी, थ्री ओन्ली." आंटी दुसऱ्या गिऱ्हाइकांमध्ये गुंतली होती. "नेव्हर माइंड, पुट देअर फर्स्ट," असं तिथल्या तुटक, 'लाह'-'व्हॉट'ची शेपटं लावणाऱ्या इंग्रजीत म्हणून तिने हात हलवला. चौथी सायकल आम्ही दुकानाच्या खांबाला टेकवून ठेवली. प्रत्येक सायकलीच्या बास्केटवर पत्र्याची नंबरपट्टी होती. आमच्या एकतीस, बत्तीस आणि तेहेतीस. खांबाला लावली ती चौतीस.

ऊन चांगलंच तापलं होतं. चेक जावा नावाची पाणथळ जागा बेटाच्या दुसऱ्या टोकाला आहे, तिकडे आम्ही निघालो. चढ लागले. वीसेक मिनिटांनी मधुरा मागे पडायला लागली. एका फाट्यावर ती थांबली आणि म्हणाली, "आपण आधी खाऊन घेऊया का?"

"आत्ता? अगं, आत्ता कुठे साडेदहा वाजलेत. चेक जावाला समुद्र बघत खाऊ," मी म्हणाले.

"मला आत्ताच हवंय."

"तुझं ते साडेबाराचं घड्याळ आज पुढे गेलं का?" मी म्हणाले.

तिने सॅकचा खिसा उघडला, आतले कागद बाहेर काढले आणि बघतच राहिली. "माझी बिस्किटं?"

मी आणि गौरी एकमेकींकडे बघून फिस्सकन हसलो.

मग ती जी चिडली, तशी मी तिला आधी कधीच पाहिली नव्हती. एरवी आवाज न चढवणारी मुलगी, "तुम्हाला काही कळतं का? दुसऱ्याच्या वस्तूला हात का लावता?" असं ओरडली. हात थरथरत होते तिचे. घामाने चेहरा निथळत होता, पण मला वाटलं उन्हाने. मलाही राग आला. एका बिस्किटाच्या पुड्यासाठी एवढा तमाशा? मी म्हणाले, "घरी गेल्यावर दहा पुडे आणून देते, रडू नकोस." गौरी डबा काढायला लागली होती, तोवर मधुराने सायकल वळवली आणि आलेल्या रस्त्याने निघून गेली.

गौरी म्हणाली, "जाऊया का मागे?"

मी म्हणाले, "जाऊ दे. धक्क्यावर जाऊन बसेल फुरंगटून. राग उतरला की फोन करेल."

हे वाक्य माझं आहे. गौरीचं नाही.

फोन तर येणारच नव्हता. उबीनवर फोन समोरच्या मलेशियाचं नेटवर्क पकडायचा आणि मधुराने रोमिंग बंद ठेवलेलं असायचं. हे मला माहीत होतं, पण त्या क्षणी आठवलं नाही की आठवू दिलं नाही, कोण जाणे. आम्ही चेक जावाला गेलो. लाकडी पुलावरून फिरलो, खेकडे पाहिले, फोटो काढले. थालीपिठं मात्र कुणी काढली नाहीत. मजा येत नव्हती. गौरी दर थोड्या वेळाने मागे बघायची आणि तिचं मोजणं दोनवर थांबायचं. शेवटी तीच म्हणाली, "चल परत."

आम्ही सायकलच्या दुकानाशी पोचलो तेव्हा सव्वाबारा झाले होते. मी आंटीला विचारलं की आमची मैत्रीण सायकल परत करून गेली का.

"नॉट येट, लाह," आंटी म्हणाली. "युअर फ्रेंड नॉट वेल, व्हॉट. यू डोन्ट नो?"

"नॉट वेल? हू टोल्ड यू?"

"युअर अदर फ्रेंड. द क्वाएट वन. शी कम, टेक वन कॅन ड्रिंक, टेक हर बायसिकल, गो बॅक इनसाइड. क्वारी साइड. आय थॉट यू ऑल्सो देअर."

मी म्हणाले, आमची आणखी कुणी मैत्रीण नाही, आम्ही तिघीच आलो आहोत. आंटीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मलाच ऊन लागलंय. तिने चिठ्ठी काढून दाखवली. "फोर. मॉर्निंग टाइम फोर ऑफ यू, व्हॉट. आय सी."

मी खांबाकडे बघितलं. सायकल नव्हती.

त्यापुढे मी काही विचार केला नाही. आंटीने खाणीच्या तळ्याकडे जाणारा कच्चा रस्ता हाताने दाखवला आणि आम्ही सायकली दामटल्या. त्या रस्त्याला आम्ही सकाळी गेलोही नव्हतो. धक्क्याकडे येताना एक वळण चुकलं तरच माणूस तिकडे जाईल. दुतर्फा रबराची झाडं, माणूस औषधालाही नाही. गौरी मोठमोठ्याने हाका मारत होती.

रस्त्यापासून थोडी आत, एका झाडाच्या बुंध्याला टेकून मधुरा बसलेली होती. डोक्यावर ओला रुमाल. हातात सरबताचा एक रिकामा कॅन. शेजारी दोन सायकली नीट स्टँडवर लावलेल्या. एक तेहेतीस, मधुराची. दुसरी चौतीस.

तिने डोळे उघडले. "आलात," ती म्हणाली. जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते. मग आमच्या मागे बघत म्हणाली, "ती कुठेय?"

"कोण?"

"तुमच्याबरोबरची. आत्ताच तर उठून गेली. म्हणाली, आल्या त्या, मी निघते."

आम्ही मागे पाहिलं. ज्या रस्त्याने आलो तो सरळ होता आणि लांबपर्यंत दिसत होता. त्यावर आम्हाला कुणीही भेटलं नव्हतं.

गौरीने थालीपीठ काढून तिला घास घास भरवायला सुरुवात केली. आणि तिथेच, त्या झाडाखाली, मधुराने सांगितलं. तिला अकराव्या वर्षापासून डायबिटीस होता, रोज इन्सुलिन घ्यावं लागणारा. त्या निळ्या डब्यात जंतू नव्हते, इंजेक्शनं होती. खाण्याची वेळ चुकली आणि अंगमेहनत जास्त झाली की तिची साखर धाडकन उतरायची. म्हणून ती बिस्किटं आणि त्या गोळ्या. तोच तिचा जीव, तिच्या सॅकच्या खिशात ठेवलेला.

"मग सांगितलं का नाहीस आम्हाला?" गौरी म्हणाली.

"आईने शपथ घातली होती. लग्न ठरेपर्यंत कुणाजवळ बोलायचं नाही. मैत्रिणीसुद्धा शेवटी कुणाच्या ना कुणाच्या नात्यातल्या असतात, म्हणाली."

कोल्हापूरचं एक स्थळ त्या वेळी चालू होतं तिचं, ते आम्हाला माहीत होतं. आम्ही तर त्यावरूनही तिला चिडवायचो.

आंटीचा दीर त्याची जुनी व्हॅन घेऊन आमच्या मागोमाग आला होता. त्याने मधुराला पुढे बसवलं, चारही सायकली मागे टाकल्या, आणि आम्हाला धक्क्यावर आणून सोडलं. परतीच्या बोटीत मधुरा गौरीच्या खांद्यावर डोकं टेकून होती. मी समोरच्या बाकावर बसले आणि माझ्या शेजारची जागा मोकळी ठेवली. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही, नुसती सॅक तिथे ठेवू दिली नाही.

चांगीला उतरून टॅक्सीने आम्ही तिला हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर बाईंनी तपासलं, तिचं म्हणणं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की साखर फार खाली गेली असणार, ते सरबत वेळेवर पोटात गेलं नसतं तर ती बेशुद्ध पडली असती, आणि त्या उन्हात, त्या आडरस्त्याला, पुढचं काही सांगता आलं नसतं. "हू गेव्ह इट टू हर?" त्यांनी विचारलं.

मधुराला जे आठवतं ते एवढंच. धक्क्याकडे जाताना डोळ्यांपुढे अंधारी आली, रस्ता कळेना, सायकलवरून उतरली आणि झाडाखाली बसली. हाक मारावी तर जीभ हलेना. मग कुणीतरी शेजारी येऊन बसलं, हनुवटी वर धरली, म्हणालं, "थोडं थोडं घे. घाई नाही." मराठीत. रुमाल ओला करून डोक्यावर ठेवला. आणि बऱ्याच वेळाने, तिला जरा हुशारी आल्यावर म्हणालं, "त्यांना ठाऊक नव्हतं गं. म्हणून हसल्या. सांगून टाक त्यांना."

दिसायला कशी होती, म्हणून मी शंभरदा विचारलं. तिचं उत्तर एकच. "अगं, आपल्यासारखी. मला वाटलं तुमच्यापैकीच कुणीतरी आहे."

आता तुम्ही म्हणाल ते सगळं मी आधीच म्हणून झालेलं आहे. साखर उतरली की माणसाला भास होतात, डॉक्टरांनीही सांगितलं. पण भासाने कॅन कसा आणला? बरं, दुसरी कुणीतरी मराठी बाई त्या दिवशी उबीनला आली असेल, सिंगापूरमध्ये मराठी माणसांना काय तोटा? असेल. पण मग तिने आंटीला 'माझी मैत्रीण' असं का भासवलं, आमचीच सायकल कशी उचलली, आणि आमच्या समोरून न जाता गेली कुठे? त्या वर्षी गणपतीत मी ओळखीच्या-अनोळखी प्रत्येक बाईला विचारलं. व्हॉट्सअ‍ॅपच्या सगळ्या ग्रुपवर विचारलं. कुणीही नाही.

दोन आठवड्यांनी मी एकटी परत उबीनला गेले, आंटीला भेटायला. तिने तेच सांगितलं. तोंडाने फार बोलली नाही म्हणाली, बोटाने कॅन दाखवला, बोटाने रस्ता दाखवला. चेहरा विचारला तर आंटी म्हणाली, "इंडियन गर्ल, लाह. लाइक यू."

पुढच्या वर्षी वेसाक डेला आम्ही तिघी मुद्दाम पुन्हा गेलो. खडा घेतला नाही, नाही म्हणायला थालीपिठं तिघींच्या तीन सॅकमध्ये होती आणि मधुराची बिस्किटं माझ्याजवळही होती. नावाड्याने बरोबर मोजलं. आंटीने तीनच सायकली काढल्या. काहीही झालं नाही. माझ्या धंद्याच्या नियमाने पुन्हा घडत नाही ती तक्रार बंद करायची असते. ही मला बंद करता आलेली नाही. आणि तो खडा? तो पूर्ण दिवस गौरीच्या सॅकमध्येच होता, कोरडा ठणठणीत. गौरीने तो नंतर शेजारच्या काकूंच्या कुंडीत परत ठेवला, इतर खड्यांमध्ये कुठला तो ओळखूही येत नव्हता. त्यात काही होतं असं मी म्हणत नाही. गौरीच्या आईला मात्र मी फोन करून माफी मागितली. त्या म्हणाल्या, "अगं, माफी कसली. जेवलात ना नीट?"

हॉस्पिटलातून घरी आलो त्या संध्याकाळी मी मधुराला सांगितलं की बिस्किटं मी खाल्ली होती. गौरीने दोनच गोळ्या घेतल्या, बाकी सगळं मीच. आणि मागे जाऊ नको म्हणणारीही मीच. मी रडत होते आणि ती मलाच पाणी आणून देत होती. ती म्हणाली, "तुला ठाऊक असतं तर तू खाल्ली असतीस का?" मी नाही म्हणाले. "मग झालं तर," ती म्हणाली, फ्रीजमधला तो निळा डबा काढला आणि इंजेक्शन कसं द्यायचं आणि साखर उतरली तर आधी काय भरवायचं ते आम्हा दोघींना शिकवलं. डब्यावरचं 'उघडू नये' तिने स्वतः पुसून टाकलं.

त्या आठवड्यात तिने घरी फोन करून आईला सांगितलं की यापुढे ती लपवणार नाही. खूप रडारड झाली. कोल्हापूरच्या लोकांना खरं कळवलं, त्यांनी नकार दिला. तीन वर्षांनी ज्याच्याशी लग्न झालं त्याला तिने दुसऱ्याच भेटीत, कॉफी यायच्या आधी, सगळं सांगून टाकलं होतं. आता ती बंगळुरूला असते. मुलगी आहे, बोलकी, आईवर मुळीच न गेलेली. मला अश्विनी मावशी म्हणते आणि फोनवर माझं डोकं खाते. तिचा आवाज ऐकला की कधीकधी मी मध्येच फोन मधुराकडे द्यायला सांगते.

स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. शोधणं मी सोडलंय असंही नाही. पण हे सदर सिंगापूरमध्ये वाचतात, पुण्यात वाचतात, कुठेकुठे वाचतात, म्हणून लिहिते आहे. बाई, तुम्ही माणूस असाल आणि हे वाचत असाल, तर कृपा करून मला कळवा. आणि नसाल, तर जिथे असाल तिथे माझा नमस्कार घ्या. मी मधुराच्या तोंडचा घास काढला होता. तुम्ही तो परत घातलात.